पान पूर्ण झालं, पण वजाबाकी आली का? मुलांनी स्वतःला तपासायचा तक्ता कसा असावा?

चौथीच्या_बाई (कोरेगाव, जि. सातारा)

जि. प. शाळा, इयत्ता चौथी, पट २६. भिंतीवर तक्ता आहे. डावीकडे मुलांची नावं, वर स्वाध्यायांचे क्रमांक. स्वाध्याय झाला की मूल आपला चौकोन रंगवतं. तक्ता जवळजवळ सगळा रंगलाय, पण तीच वजाबाकी आकडे बदलून फळ्यावर घातली की निम्म्या वर्गाची पेन्सिल थांबते. म्हणजे रंगवलेला चौकोन फक्त ‘वही भरली’ एवढंच सांगतो.

त्यावर उपाय म्हणून प्रत्येक घटकाच्या शेवटी ‘समजले, थोडे समजले, समजले नाही’ अशी तीन चेहऱ्यांची चिठ्ठी लावली. दोन-तीन मुलं सोडली तर सगळीकडे हसरे चेहरे. समग्र प्रगती पत्रकामुळे मुलाने स्वतःचं मूल्यमापन करायचंच आहे, पण ते असंच होणार असेल तर कागद भरण्यापलीकडे काही नाही.

काम किती झालं यापेक्षा काय जमायला लागलं, हे मुलानेच सांगावं असा तक्ता हवाय. कौशल्यं किती बारीक पाडायची? मूल खरं सांगेल यासाठी काय करायचं? चाळीस मिनिटांच्या तासिकेत हे बसवायचं कसं? आणि आकारिकच्या, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, गुणांत धरायचं की नाही? कोणी प्रत्यक्ष वापरता येईल असं सांगेल का?

———

दशक_सुटा (सातारा)

बाई, पहिल्यांदा ‘समजले’ हा शब्द तक्त्यातून काढा. समजलेलं दिसत नाही, केलेलं दिसतं. मुलाला ‘समजलं का’ विचारलं की ते स्वतःला विचारतं, ‘बाई सांगत होत्या तेव्हा ओळखीचं वाटत होतं का?’ वाटत होतंच, म्हणून हसरा चेहरा. त्यात मूल खोटं बोलत नाही. तुमचा प्रश्नच भावनेचा आहे, त्यामुळे उत्तरही भावनेचं येतं.

दुसरं, ‘वजाबाकी’ हे प्रकरणाचं नाव झालं. कौशल्याची ओळ अशी लिहायची की ती वाचून लगेच एक गणित घालता आलं पाहिजे. तीन अंकी वजाबाकीच्या मी पाच ओळी पाडेन:

क) हातचा लागत नाही: ५८६ − २४३
ख) एककात एकदाच हातचा: ५६२ − २३८
ग) एकक आणि दशक दोन्हीकडे हातचा: ५३२ − २७८
घ) दशकात शून्य आणि दोन्हीकडे हातचा: ५०२ − २७८
च) एकक आणि दशक दोन्हीकडे शून्य: ६०० − ३४७

प्रत्येक ओळीपुढे नमुन्याचं गणित छापायचंच. नुसत्या शब्दांवरून चौथीचं मूल ग आणि घ मधला फरक ओळखणार नाही, पण ५३२ आणि ५०२ शेजारी शेजारी दिसले की ओळखतं.

इतकं बारीक कशासाठी, ते घ वर बघा. ५०२ − २७८ चं उत्तर २२४. चुकणाऱ्यांत दोन उत्तरं सारखी भेटतात, ३७६ आणि २३४. ज्याचं ३७६ आलं त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय: ८ मधून २, ७ मधून ०, ५ मधून २. त्याला वरची संख्या कोणती, खालची कोणती याचं घेणंदेणं नाही. त्याला घ चा सराव देऊन उपयोग नाही. त्याला ख वर नेऊन काड्यांचे गठ्ठे हातात द्या. ज्याचं २३४ आलं तो बराच पुढे आहे. त्याने शतक सुटा केला, १० दशक आणले, त्यातला एक दशक एककाला दिला, पण उरलेले ९ लिहायचे राहिले आणि १० मधूनच ७ वजा केले. त्याच्यासमोर शंभराच्या पाच खेळण्यातल्या नोटा आणि रुपयाची दोन नाणी ठेवा, २७८ द्यायला सांगा. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा झाल्या, त्यातली एक मोडून दहा नाणी झाली, हातात दहाच्या किती उरल्या? दहा मिनिटांत सुटतं.

तुमच्या रंगीत तक्त्यावर ही दोन्ही मुलं सारखीच. हसऱ्या चेहऱ्यांतही सारखीच.

आता श्रेणी. तीन चौकोन दिले की भित्री मुलं मधला धरतात. चार द्या, आणि प्रत्येकाचा अर्थ कृतीत सांगा:

० : सुरुवात कुठून करायची कळत नाही
१ : सोडवलेलं उदाहरण समोर ठेवलं तर जमतं
२ : न बघता जमतं, पण कधी कधी चुकतं. ताळा घेतला की चूक सापडते
३ : न बघता, नव्या आकड्यांवर, ताळ्यासकट बरोबर. आणि आठवड्यानंतरही

त्या ३ मधलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. शिकवलं त्याच दिवशी ३ भरता येणार नाही, हा नियम कडक ठेवा. त्या दिवशी पद्धत अजून कानात असते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर केलेला प्रयोग याच्याशी जुळतो. उतारा पुन्हा पुन्हा वाचलेल्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं. उताऱ्यावर स्वतःची परीक्षा घेतलेल्यांना आठवड्याने जास्त आठवलं. आणि आपल्याला चांगलं आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! स्वयंमूल्यमापन त्याच तासाला घेतलं की आपण नेमकी ती फसवी खात्री मोजतो.

तासिकेचं म्हणाल तर रोज नको. आठवड्यातून दोनदा, तासिकेच्या सुरुवातीची दहा मिनिटं. आधी मुलाने ओळ वाचून पेन्सिलीने अंदाज लिहायचा. मग तुम्ही फळ्यावर त्या ओळीची दोन नवी गणितं घालायची, पुस्तकातली नाहीत. सहा मिनिटं. ताळा मुलानेच घ्यायचा: उत्तर अधिक खालची संख्या, वरची आली पाहिजे. मग पेनने खरी श्रेणी लिहायची. पेन्सिल आणि पेन यांत फरक पडला तर पेन्सिल खोडायची नाही. सगळी माहिती त्या फरकातच आहे.

अंदाज आधी, गणित नंतर. उलट झालं की मूल उत्तर बरोबर आलं की नाही ते बघून श्रेणी देतं, आणि मग ते मूल्यमापन राहत नाही, निकाल होतो.

———

कानस_गुण्या (मिरज)

बाई, मी शाळेतला नाही. आयटीआयला फिटर ट्रेडला शिकवतो. पण दुखणं तेच आहे. आमच्याकडे तर पूर्ण केलेल्या वस्तूला नावच ‘जॉब’. पोरगं विचारतं, ‘सर, जॉब झाला, पुढचा देऊ का?’ जॉब झाला म्हणजे कानस (लोखंड घासायचं हत्यार) चालवता आली असं नाही. शेवटची घासणी शेजारच्याने केलेली असू शकते.

वरच्या सरांच्या उत्तरात मला एक भर घालायची आहे. स्वतःला तपासायचं म्हणजे तपासायचं साधन हातात पाहिजे, आणि ते वापरायला आलं पाहिजे. आमच्याकडे पृष्ठभाग सपाट झाला की नाही हे मत विचारून कळत नाही. गुण्याची (काटकोन तपासायच्या साधनाची) पाती पृष्ठभागावर ठेवायची, जॉब उजेडाकडे धरायचा, पाती आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसतो का बघायचं. आडवं, उभं आणि दोन्ही कर्णांवर. मधे टेकलं आणि कडेला उजेड आला तर पृष्ठभाग फुगीर आहे, म्हणजे कानस डोलतेय. कारण बहुतेक वेळा दाबाचं असतं: फटक्याच्या सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटी मुठीकडच्या हाताचा जास्त, हा बदल हातात बसलेला नसतो. किंवा व्हाइस (जॉब पकडून ठेवणारा शिकंजा) कोपराच्या उंचीला नसतो. हे सगळं पोरगं मला न विचारता शोधू शकतं, कारण उजेड कुणाचीच भीड ठेवत नाही.

मापाचंही तसंच. व्हर्नियर कॅलिपरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सगळ्यांत लहान माप, ०.०२ मिमी. पोराने आधी आपलं माप कागदावर लिहायचं, मग मी मोजतो, दोन्ही शेजारी. फरक दोन रेघांपेक्षा, म्हणजे ०.०४ पेक्षा जास्त आला तर कानशीचं बोलायचंच नाही, आधी मोजणं दुरुस्त करायचं. जबडे तिरके लागले, दाब जास्त दिला, जबडे मिटल्यावर शून्याला शून्य जुळत नव्हतं ते वजा केलं नाही, नाहीतर रेघ तिरक्या नजरेने वाचली, या चारांतलंच काहीतरी असतं. ज्याला मोजता येत नाही त्याला स्वतःचं काम जोखता येत नाही, हे आमच्याकडे लगेच दिसतं. तुमच्याकडे ते झाकून राहतं.

तेव्हा तुमच्या तक्त्यात ताळा घेणं ही ओळ वेगळी, आणि सगळ्यांत वर. ताळा येत नाही तोवर त्या मुलाच्या बाकीच्या श्रेण्यांवर विश्वास ठेवू नका. गणितातला गुण्या तोच.

———

दोन_शिक्षक_चार_वर्ग (जत, जि. सांगली)

दोन्ही उत्तरं पटली, पण पट २६ आणि एकच वर्ग असेल तर. द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन इयत्ता घेऊन बसलेल्या माणसाला विषयवार तक्ते सांगू नका राव. कागद वाढला की पहिल्यांदा बळी जातो तो मुलाशी बोलायचा वेळ.

आमच्यासारख्यांनी दोनच विषय धरावेत, भाषेत वाचन आणि गणितात क्रिया. महिन्याला प्रत्येकी चार ओळी, बस. कार्ड मुलाच्या दप्तरात. ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेलं मूल चार महिन्यांनी परत येतं तेव्हा ‘कोणता स्वाध्याय राहिला’ या प्रश्नाचं उत्तर ‘सगळे’ असं असतं आणि तिथेच सगळं संपतं. ‘ग पर्यंत जमत होतं, घ राहिलं’ हे कार्डावर असेल तर त्याच दिवशी घ पासून सुरू करता येतं. आधी ग चं एक गणित घालून बघायचं, एवढंच. तक्ता कामाचा न ठेवता कौशल्याचा ठेवायचा याचं सगळ्यांत व्यवहारी कारण मला हे वाटतं.

वाचनाचं स्वयंमूल्यमापन मात्र जपून. निपुण भारत अभियानात तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. मुलं ‘६०’ तेवढं धरतात, ‘समजून’ सोडून देतात. जोडीत बसवा: एक वाचतो, दुसरा घड्याळ आणि चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलीचा ठिपका. मिनिट झालं की शेवटच्या शब्दापर्यंत मोजायचं, ठिपके वजा. ६६ शब्द, ९ ठिपके, तर ५७. मग पुस्तक मिटून दोन वाक्यांत काय वाचलं ते सांगायचं. सांगता आलं नाही तर आकडा लिहायचाच नाही. उतारा दर वेळी नवा. तोच उतारा तिसऱ्यांदा दिला की मूल वाचत नाही, पाठ म्हणतं.

———

चौथीच्या_बाई

ताळा वेगळी ओळ म्हणून वर, हे लगेच करते. माझ्या मुलांना ताळा म्हणजे शेजाऱ्याच्या वहीत बघणं एवढंच माहीत आहे.

दोन अडचणी राहतात. काही मुली सगळं बरोबर सोडवूनही १ लिहितात, काही पोरं काही न येता ३ ठोकतात. त्यांचं काय? आणि पालकसभेत पहिला प्रश्न ‘किती पानं झाली, शेजारच्या तुकडीचं पुस्तक संपलं’ हाच असतो.

———

प्रयोगवही (तासगाव)

आधी तुमचा गुणांचा प्रश्न, कारण तो राहून गेला. मुलाने स्वतःला दिलेली श्रेणी गुणांत धरू नका. अजिबात नको. ज्या दिवशी ३ ला गुण मिळतात त्या दिवशी वर्गात ३ शिवाय दुसरा आकडा उरत नाही. २०१० पासूनच्या आपल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिकचा भार ६० आणि संकलितचा (सत्राअखेरच्या परीक्षेचा) ४० आहे, म्हणजे आकारिकला जागा भरपूर आहे. तिथे त्या दोन-दोन गणितांचे गुण धरा, ‘चाचणी’ या साधनाखाली बसतात. श्रेणीतून मिळालेलं वर्णनात्मक नोंदीत लिहा: ‘मध्ये शून्य असलेली वजाबाकी ताळ्यासह करते, स्वतःची चूक शोधते.’ ‘प्रगती समाधानकारक’ यापेक्षा हे लिहायला सोपं, कारण कार्डावर तयार असतं.

कार्ड परत देताना त्यावर गुणही लिहू नका, शेरा लिहा. रूथ बटलर यांचा १९८८ मधला प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो: एका गटाला फक्त गुण, एकाला फक्त शेरे, एकाला दोन्ही. सुधारणा फक्त शेरे मिळालेल्यांत दिसली. दोन्ही मिळालेल्यांनी गुण बघितले आणि शेरा तसाच राहिला. आपल्याकडे सहामाहीचे पेपर वाटल्यावर पाच मिनिटांत हेच दिसतं.

कमी लिहिणाऱ्या मुलींना ‘आत्मविश्वास ठेव’ म्हणू नका. त्याने काही होत नाही, उलट आता आत्मविश्वासही नाही अशी आणखी एक उणीव त्यांच्या नावावर लागते. कार्डावरच्या तीन तारखा दाखवा: ‘या दिवशी दोन्ही बरोबर, या दिवशी दोन्ही बरोबर, आठवड्याने दोन्ही बरोबर. ३ ची व्याख्या वाच. आता तू सांग.’ जास्त लिहिणाऱ्याला रागावायचंही कारण नाही. ‘३ ना? मग हे करून दाखव’ म्हणून घ चं गणित द्या. अंदाज चुकला याची शिक्षा नाही, पण अंदाज जुळला याची मोजदाद मात्र करा. महिन्यात आठ अंदाज, त्यातले किती पेनशी जुळले? ही संख्या वाढली पाहिजे. माझ्या मते या तक्त्यात मूल्यमापन करण्यासारखी हीच एक गोष्ट आहे, बाकी सगळी शिकवण्याच्या कामाची.

आता मोठ्या वर्गांसाठी, कारण हा धागा माध्यमिकचेही वाचतील. प्रकल्पाचं तर याहून वाईट. सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीवर प्रकल्प दिला की पाणी निळ्या रंगाने रंगवलेला, पुलाचं चित्र डकवलेला तक्ता येतो आणि पैकीच्या पैकी मिळतात. त्यात निदान चार वेगळी कौशल्यं आहेत आणि पोरगं त्यातलं एकच करून सुटू शकतं. सरावासाठी हे आकडे घ्या: सकाळी ८ ला ३८ फूट, दुपारी १२ ला ३९.५, दुपारी ४ ला ४१. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५.

पहिलं कौशल्य: तक्ता वाचणं, ४ वाजता पातळी इशाऱ्याच्या वर आहे का? दुसरं: आलेखावर बिंदू मांडताना प्रमाण निवडणं. पोरं उभ्या अक्षावर शून्यापासून सुरू करतात आणि तीन फुटांचा चढ आलेखात दिसेनासा होतो. अक्ष ३६ पासून घेतला तर तो घेतल्याची खूण करायची, हेही त्यातच आलं. तिसरं: दर काढणं. ८ तासांत ३ फूट. १२ ला ३९.५, म्हणजे ४० फूट साधारण १ वाजून २० मिनिटांनी ओलांडले. ४ नंतर ४५ ला अजून ४ फूट हवेत, त्याच वेगाने १० तास ४० मिनिटं, म्हणजे पहाटे २ वाजून ४० मिनिटं. इथे दशांशाचा घोळ ठरलेला: १०.६७ तास आले की ‘१० तास ६७ मिनिटं’ लिहितात. चौथं, आणि खरं: ‘त्याच वेगाने’ हे गृहीत आहे हे ओळखणं. कोयनेतून विसर्ग वाढला, वर पाऊस थांबला, की उत्तर बदलतं. जो मुलगा २:४० लिहून खाली ‘विसर्ग तसाच राहिला तर’ असं लिहितो त्याचं चौथं कौशल्य आलेलं आहे, चित्र काढलेलं नसलं तरी.

मुलाला विचारायचं ते ‘प्रकल्प झाला का’ असं नाही. ‘या चारांतलं कोणतं तू उद्या दुसऱ्या आकड्यांवर करशील?’

(अवांतर: ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेचं वाक्य आपल्या जिल्ह्यांत लहानपणापासून कानावर पडतं. स्वतःची चूक स्वतः काढणं त्यात मोडतं असं मला वाटतं, पण वह्या तपासायची लाल पेनं आपण सोडत नाही.)

———

पालक_विटा

पालक म्हणून विचारतो. मग गृहपाठ झाला का हे विचारणंच बंद करायचं का? घरी आम्हाला गणित शिकवता येत नाही, वही पूर्ण आहे का एवढंच बघता येतं.

———

दशक_सुटा

दादा, बंद करायचं नाही. सराव हवाच, सरावाशिवाय ३ येत नाही. फक्त दोन गोष्टी एका खुणेत मिसळायच्या नाहीत. कार्डावर ‘सराव केला’ हा एक वेगळा, लहान चौकोन असतो, तो घरच्यांनी बघावा. आणि गणित न शिकवताही एक करता येतं: कालचं एक गणित वही मिटून करायला सांगा आणि ताळा घेऊन दाखव म्हणा. बेरीज जुळली की नाही हे कुणालाही दिसतं. उत्तर तुम्हाला माहीत असायची गरज नाही.

बाई, पालकसभेत पानांचा प्रश्न आला की बोलू नका, कार्ड हातात द्या. प्रत्येक ओळीपुढे गणित छापलेलं आहे, त्यातलं एक मुलाला तिथेच करायला सांगा. शेजारच्या तुकडीचं पुस्तक संपल्याचा विषय पुन्हा निघणार नाही, असं नाही. पण थोडा हळू निघेल.

कार्डाचं सांगतो. अर्धा फुलस्केप, जाड कागद. एका कार्डावर आठच ओळी, त्याहून जास्त झाल्या की मूल वाचत नाही, खुणा करत सुटतं. रकाने: ओळ आणि नमुना गणित, अंदाज, पहिला पुरावा, आठवड्यानंतरचा पुरावा, सराव. पुराव्याच्या रकान्यात तारीख आणि वहीच्या पानाचा क्रमांक लिहायचा, ‘पान ३४’ असं. नुसता ३ दिसला आणि पान नाही, तर तो ३ धरायचा नाही. तुम्ही रोज पाचच कार्डं उघडून ते पान बघायचं. २६ मुलं सहा दिवसांत होतात. कोणाचं कार्ड कधी हे आधी सांगायचं नाही.

आठवड्याने चुकलं तर ३ वर एक आडवी रेघ आणि नवी तारीख. व्हाइटनर नको, खाडाखोड नको. रेघ मारलेला ३ ही लाजेची गोष्ट नाही हे पहिल्या महिन्यात दोन-तीनदा सांगावं लागतं. आणि अशी मुलं वेगळी काढून पुन्हा तीच दोन गणितं देऊ नका, त्याच ओळीची दुसरी द्या. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांच्या ‘मास्टरी लर्निंग’ पद्धतीतही दुरुस्तीनंतरची चाचणी समांतर असते, तीच नसते. तीच दिली तर मूल उत्तर आठवून लिहितं.

एक गोष्ट टाळा: भिंतीवर हा तक्ता लावू नका. काम पूर्ण झाल्याचा तक्ता भिंतीवर चालून जातो. कौशल्याचा लावला की दोन दिवसांत ‘हुशार’ आणि ‘ढ’ अशा याद्या तयार होतात आणि पोरं खालची श्रेणी लिहायला कचरतात.

———

चौथीच्या_बाई

भिंतीवर लावणारच होते! बरं झालं सांगितलंत. सोमवारी ताळा आणि ग, गुरुवारी घ लावते. शून्याची गणितं पुस्तकात कमी पडतात, सर. दोन आठवडे पुरतील अशी द्याल का?

———

दशक_सुटा

घ साठी: ४०३ − १५६ (२४७), ७०१ − २६८ (४३३), ८०५ − ३४९ (४५६).
च साठी: ९०० − ५२७ (३७३), ७०० − २८४ (४१६).

आणि गुरुवारी एक मुद्दाम मधे घाला: ६०४ − २३१. दशकात शून्य आहे, पण एककात हातचा लागत नाही. ज्याने ‘मधे शून्य दिसलं की नऊ लिहायचे’ एवढंच पाठ केलंय तो इथेही ९ लिहील आणि ३६३ आणेल. खरं उत्तर ३७३. त्याचा ताळा ५९४ येईल, ६०४ येणार नाही, म्हणजे चूक त्याची त्यालाच सापडायला हवी. सापडली तर २. सापडली नाही तर घ मधला त्याचा आधीचा ३ सुद्धा पुन्हा बघा.